कॉस्प्ले स्पर्धेची सुरुवात स्टेजपासून करू नका

कॉलेजात पहिल्यांदाच अ‍ॅनिमे-कॉमिक्सचा मेळावा आहे, चाळीसेक जण कॉस्प्ले स्पर्धेत, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून सादर होण्याच्या स्पर्धेत उतरतील, तयारी कुठून सुरू करावी असं तुम्ही विचारलंय. पुण्यात अशा तीन स्पर्धांच्या आयोजनात मी होतो. माझं ऐकाल तर स्टेज, लाइट, अँकर हे सगळं नंतर. आधी परीक्षकांसाठी एक वेगळी, भरपूर उजेडाची खोली मिळवा.

आमच्या पहिल्या वर्षी सगळं परीक्षण स्टेजवरच झालं. एका मुलीने योगा मॅट कापून, हीट गनने वाकवून अंगभर चिलखत बनवलं होतं. खांद्यावरचा एकेक रिव्हेट म्हणजे अर्धा कापून चिकटवलेला मणी. फोमची छिद्रं दिसू नयेत म्हणून फेविकॉलचे तीन हात, त्यावर रंग, आणि कडांना पत्रा घासल्यासारखी चंदेरी छटा. वीस फुटांवरून, निळ्या लाइटखाली यातलं काहीही दिसलं नाही. बक्षीस गेलं विकत आणलेल्या चकचकीत पोशाखाला, कारण त्याच्यासाठी शिट्ट्या जास्त पडल्या. त्या मुलीवर अन्याय झाला आणि तो आमच्या आखणीमुळे झाला.

विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनात, म्हणजे वर्ल्डकॉनमध्ये, १९४० च्या शिकागोच्या अधिवेशनापासून वेशभूषेचा कार्यक्रम होत आलाय. तिथल्या रीतीतून दोन गोष्टी जरूर घ्या. कारागिरीचं परीक्षण स्टेजवर जाण्याआधी, जवळून. सादरीकरणाचं स्टेजवर, आणि दोन्हींची बक्षिसं वेगळी. दुसरं म्हणजे नवख्यांचा गट आणि मुरलेल्यांचा गट वेगळा. विकतचा पोशाख घालणाऱ्यालाही येऊ द्या, पण फक्त सादरीकरणासाठी. हे नियमात आधीच लिहा, म्हणजे ऐनवेळी कुणाचा हिरमोड होणार नाही.

आता वेळेचा हिशेब. खोलीतल्या परीक्षणाला माणशी तीन मिनिटं धरली तरी चाळीस जणांचे दोन तास होतात. स्टेजवर प्रत्येकी एक मिनिट, चढण्या-उतरण्यासकट सव्वा तास. म्हणून खोलीतलं परीक्षण सकाळी दहाला आणि कार्यक्रम दुपारी चारला ठेवा. अर्जासोबत पात्राचा फोटो आणि ‘यातलं मी स्वतः काय बनवलं’ याच्या चार ओळी मागवाच. परीक्षकांना प्रत्येक पात्र माहीत असेलच असं नाही. गाण्याच्या फाइली आदल्या रात्रीपर्यंत.

विंगेत एकांकिका स्पर्धांचं बॅकस्टेज केलेली माणसं उभी करा. यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा बसत नाही. टेबलावर सुईदोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन, आरसा, मोठा पंखा, पाणी आणि स्ट्रॉ. स्ट्रॉ विसरू नका. रंगवलेला चेहरा किंवा मुखवटा असलं की ग्लासाला तोंड लावता येत नाही, आणि फोमच्या आत घामाच्या धारा लागलेल्या असतात. हेल्मेट घातलेल्याला पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना हात द्यायला एकेक जण हवा. शस्त्रं प्रवेशद्वारावरच तपासा: धातूचं पातं नको, खरी धार नको. अंगावरचं काही सांडणार, गळणार, दुसऱ्याला लागणार असेल तर तेही नको. १९७२ च्या वर्ल्डकॉनमध्ये एक जण अंगाला पीनट बटर फासून आला आणि ते सगळीकडे लागलं; तेव्हापासून ‘पीनट बटर नको’ हा तिथला नियमच झाला.

विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही, ही पाटी दारावर ठळक लावा आणि अँकरलाही दोनदा सांगायला लावा. मुली निर्धास्त वावरल्या तरच पुढच्या वर्षी येतील.

निकालानंतर परीक्षकांना लगेच गाडीत बसवू नका, अर्धा तास थांबवा. दुसऱ्या वर्षी आम्ही थांबवलं, तर बक्षीस न मिळालेली सात-आठ मुलं त्यांच्याभोवती जमली. एकाने हातातलं कोपरकवच उलटं करून विचारलं, “इथला सांधा लपवायचा कसा?”