पीएफवरचं व्याज नको, असं लिहून द्यावं का?

पत्र चिपळूणच्या, सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या ३१ वर्षांच्या वाचकाचं आहे. पीएफमध्ये ६ लाख, शिवाय दरमहा ५,००० व्हीपीएफ (सक्तीच्या कपातीवर स्वखुशीने भरलेला जादा पीएफ), आणि करंट खात्यात ४ लाख पडून. ‘व्याज हराम, म्हणून पीएफवरचं व्याज नको असं लिहून देणार आहे. घरचे म्हणतात, वेडेपणा आहे.’

वेडेपणा नाही. १९५२च्या पीएफ योजनेतच ही सोय आहे. परिच्छेद ६० प्रमाणे सभासदाने लेखी कळवलं, तर त्याच्या खात्यात व्याज जमा होत नाही. पण सही करण्याआधी आकडा बघा. २०२४-२५चा दर ८.२५ टक्के, म्हणजे ६ लाखांवर वर्षाला ४९,५००. हाच दर टिकला, तर नवा रुपया न भरताही २५ वर्षांत त्याचे साधारण ४३ लाख होतात. नाकारलंत तर सहाच.

खरी मेख पुढे आहे. मन बदललं तर व्याज पुन्हा मागता येतं, पण मागणी कराल त्या हिशेबी वर्षापासूनच. मधलं गेलं ते गेलं. घेतलेलं व्याज मात्र पुढे कधीही वाटून टाकता येतं. शिवाय तुम्ही नाकारलेले पैसे काही कुणा गरिबाच्या घरी पोचत नाहीत. म्हणून तूर्त पत्र देऊ नका.

हलाल-हरामचा निर्णय धर्मनियमांवर मत देणाऱ्या मुफ्तीसाहेबांचा, माझा नाही. फक्त ‘पीएफ चालतो का?’ असं मोघम विचारू नका. पगारातून सक्तीने कापला जाणारा भाग आणि स्वखुशीचा व्हीपीएफ यांत अनेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, फरक करतात. पहिल्यावरच्या वाढीला ते रिबा, म्हणजे निषिद्ध व्याज, मानत नाहीत, दुसऱ्याबाबत जपून राहायला सांगतात. काहींना दोन्ही नामंजूर. तसं उत्तर आलं, तर सवाबची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता ती रक्कम गरजूंना देता येईल का, हेही विचारा. बँकेच्या व्याजाबाबत ही वाट रूढ आहेच. पासबुकात व्याजाची नोंद वेगळी असते, हिशेब चुकणार नाही.

तुमच्या जागी मी व्हीपीएफ मात्र बंद करीन आणि ते ५,००० शरिया निकषांवर चालणाऱ्या इक्विटी (शेअरच्या) फंडात एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याने, घालीन. बँका, विमा, दारू, सिगारेट आणि डोईजड कर्जाच्या कंपन्या त्यात नसतात. निफ्टी या शेअर निर्देशांकात बँकांचं वजन मोठं आहे. त्यांचे शेअर धावतात तेव्हा असा फंड मागे राहतो. तेव्हा चुळबुळ होणार असेल तर आत्ताच विचार करा.

करंट खात्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. व्याज टाळायला तिथे पैसे ठेवलेत खरे, पण ४ लाखांवर अडीच टक्के जकात (धर्माने सांगितलेलं सक्तीचं दान) म्हणजे वर्षाला १०,००० त्यातूनच जाणार, वर महागाई आहेच. व्यापारातला नफा तर तुमच्या दीनात हलालच आहे. सहा महिन्यांचा घरखर्च आणि पाच-सात वर्षांत लागणारी रक्कम खात्यात राहू द्या; उरेल ते त्याच फंडात, वर्षभरात थोडं थोडं करून टाका.