मुलं धडा घडाघडा वाचतात पण नवीन उतारा दिला की गप्प, मग वाचनातली प्रगती मोजायची कशी?

तुम्ही लिहिलंय की सहावीला मराठी शिकवताय, पोरांचा धडा तोंडपाठ, प्रश्नोत्तरं चोख, पण न शिकवलेला उतारा समोर ठेवला की अर्धा वर्ग खाली मान घालून बसतो, आणि वरून मुख्याध्यापक म्हणतात प्रगती दाखवा. वाचून आधी हसूच आलं, कारण हे दुखणं माझंही आहे. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत १७ वर्षं मराठी शिकवतेय, त्यातली पहिली सहा-सात वर्षं तर मी भलतंच काहीतरी मोजत होते.

ते कळलं कसं ते सांगते. वर्गात एक पोरगा होता, वाचायला उभा राहिला की मागच्या बाकापर्यंत खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही काही नाही, म्हणून मी दरवेळी त्यालाच आधी उभं करायची. एकदा त्याच्या पुस्तकाची दोन पानं चहा सांडून चिकटली होती, त्यानं ती दोन्ही एकदम उलटली आणि मधलं जे पान दिसतच नव्हतं ते सगळं, जिथं थांबायचं तिथं थांबून, वाचून दाखवलं. मी शेजारीच उभी. म्हटलं अरे काय करतोयस? तर म्हणतो, "वाचायलोय की मॅडम." त्याचं काहीच चुकलं नव्हतं हो, तो जे करत होता त्यालाच मी वर्षभर वाचन समजून मार्क देत होते.

तर पहिली गोष्ट, शिकवलेल्या धड्यावर वाचन तपासूच नका, तिथं पाठांतर मोजलं जातं. अपठितच घ्या, आणि तोही मुलाला ट्यूशनमध्ये किंवा गाईडात भेटला नसेल असा.

दुसरं, "उतारा कळत नाही" म्हणणाऱ्या पोरांमध्ये दोन वेगळी पोरं असतात आणि आपण दोघांना एकच औषध देतो. एकाला अक्षरंच नीट लागत नाहीत, जोडाक्षर आलं, रफार आला की गाडी थांबते आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. दुसरा सगळं फाडफाड वाचतो पण आत काही शिरत नाही. हे वेगळं करायला प्रत्येकाला एकट्याला बोलवून साधारण १०० शब्द मोठ्यानं वाचायला लावा. माझ्या वर्गात ४२ पोरं आहेत, रोज तीन घेतली की १४ दिवसांत होतं, एरवी कुणाला वेळ आहे. शंभरात दहापेक्षा जास्त शब्द चुकले तर तो उतारा त्या मुलासाठी अवघड, त्याच्यावर प्रश्न विचारणंच अन्याय आहे, सोपा द्या. असर म्हणून मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी असते, ते असरवाले २००५ पासून खेडोपाडी घरोघरी जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी बघतात ते याच कामाचं आहे, पण त्यांची वरची पायरी दुसरीच्या गोष्टीची, तुमच्या सहावीतलं कोण अजून अक्षरांतच अडकलंय एवढं ती सांगेल, पुढचं नाही.

चुका मोजताना नुसत्या मोजू नका, कसल्या आहेत ते बघा. "घराकडे" ला "घरी" वाचणारा पोरगा अर्थ धरून चाललाय. "वारा सुटला" ला "वीरा सुटला" वाचून तसाच पुढं जाणारा धरून चाललेला नाही. आणि "वीरा... वारा" असं मागं येऊन स्वतःच दुरुस्त करणारा तर मला फार आवडतो, त्याची मी चूक धरतच नाही, कारण कानाला खटकलं म्हणजे तो ऐकतोय. आमच्याकडं पद्मशाली समाजाची बरीच पोरं, घरी तेलुगू, ती "भाकरी" ला "बाकरी" म्हणतात. ती वाचनाची चूक नाही. मी नवी असताना त्याला पण लाल गोल करायची, आठवलं की लाज वाटते.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. २०२१ च्या निपुण भारतमध्ये, म्हणजे लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या मोहिमेत, तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे, तिथपर्यंत वेग महत्त्वाचाच. त्याच्यापुढं सहावीत ९० चे ११० झाले म्हणून मला तरी काही वेगळं दिसलेलं नाही.

आता खरा मुद्दा, समजण्याचा. पिर्ल्स म्हणून एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, चौथीच्या मुलांची, २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. त्यात चार कामं बघतात: मजकुरात असलेलं शोधणं, सरळ न लिहिलेलं ओळखणं, दोन-चार ठिकाणचं जोडून अर्थ लावणं, आणि मजकूर कसा लिहिलाय तो तपासणं. पहिल्या प्रकाराला तिथं साधारण २० टक्केच वजन आहे. आता तुमच्या घटक चाचणीचा पेपर काढून बघा, रिकाम्या जागा, कोण कोणास म्हणाले, एका वाक्यात उत्तरे, सगळा तोच पहिला प्रकार. म्हणजे पोरगं पुढं सरकलं तरी दिसायला जागाच नाही.

पण चार-चार प्रकारचे प्रश्न रोज काढत बसायचं शाळेत कुणाला जमतंय? मी एकच शब्द धरला, कशावरून. कुठलंही उत्तर आलं, बरोबर असो चूक असो, पुढचा प्रश्न हाच. प्रगती त्या दुसऱ्या उत्तरात दिसते, पहिल्यात नाही.

एक नमुना देते. मी स्वतः लिहिलेला उतारा, त्यातली शेवटची तीन वाक्यं अशी: "आजीनं दोन भाकरी केल्या. एक खाल्ली, एक शेंगाचटणीबरोबर फडक्यात बांधली. भोंगा वाजला तशी ती दारात येऊन बसली." प्रश्न, फडक्यातली भाकरी कुणासाठी? बऱ्याच जणांनी लिहिलं आजोबांसाठी. मी खूश. मग विचारलं कशावरून, तर गप्प. एक म्हणाली, "गोष्टीत आजी असली की आजोबा असतोच." एका पोरानं मात्र लिहिलं होतं, "आजीसाठीच." मी चूक मारायला पेन टेकवला होता, पण नियम म्हणून विचारलं. तर तो म्हणाला, भोंगा वाजला म्हणजे मिरवणूक आली, आजी ती बघायला दारात बसली, मिरवणुकीला लई वेळ लागतो म्हणून भाकरी बांधून घेतली. बघा म्हणजे. गिरण्यांचं सोलापूर, पण गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली की या पोरांना भोंगा म्हणजे गणपतीतला नाहीतर जयंतीतला स्पीकरच माहीत, त्यांच्या आज्यांना गिरणीचा जो भोंगा ऐकून स्वयंपाकाला लागायची सवय होती तो यांनी कधी ऐकलाच नाही. पोरानं तिन्ही वाक्यं वापरली, एकमेकांना जोडली, पुरावा दिला. चूक माझ्या उताऱ्याची होती. आणि मार्कांच्या हिशोबात आजोबावाले पास, हा नापास.

तेव्हापासून मी मार्क टाकत नाही, चार आकडे टाकते. शून्य म्हणजे उताऱ्यातलं एखादं वाक्य उचलून तसंच लिहिलंय. एक म्हणजे उत्तर आहे पण कशावरून सांगता येत नाही. दोन म्हणजे ओळीवर बोट ठेवता येतं. तीन म्हणजे दोन ठिकाणचं जोडलंय, किंवा मजकुरालाच प्रश्न विचारलाय. उत्तर माझ्या मनातलं आहे का नाही याचा आकड्याशी संबंध नाही, म्हणून भोंगावाल्याला तीन.

त्याच पोराचं डिसेंबरमधलं सांगते. गोष्टी सोडून एक सूचना दिली होती, पेपरात येते तशी मीच लिहिलेली, मंगळवारचं पाणी बुधवारी येईल, नागरिकांनी काटकसरीनं वापरावं. सोलापुरात पाण्याची सूचना म्हटलं की पोरं झोपेतून उठून वाचतात, घागरी त्यांनाच भरायच्या असतात. प्रश्न विचारला, या सूचनेत काय कमी आहे? बहुतेकांनी लिहिलं "पाणी कमी आहे". यानं लिहिलं, "किती वाजता ते लिहिलंच नाही. आई सकाळी विड्या द्यायला जाते, ती थांबणार का जाणार?" हे विश्लेषण नाहीतर काय आहे! व्याकरणाच्या तीन चुका होत्या, त्यांना मी हात लावला नाही, ते दुसऱ्या तासाला.

एक राहिलंच, लेखीवर सगळं सोडू नका. एक मुलगी वर्षभर माझ्या यादीत "कच्ची" होती, बोट ठेवून हळूहळू वाचायची, लिहायची जेमतेम दोन शब्द. एकदा सहज म्हटलं तुझ्या भाषेत सांग मैत्रिणीला, आणि मैत्रिणीला म्हटलं तू मला मराठीत सांग. पाच मिनिटं बोलत होती, गोष्टीतल्या बाईला राग का आला हे तिनं मला सुचलं नव्हतं असं सांगितलं. तिला मराठीत बोलायला अडत होतं, वाचायला नाही. अक्कलकोटकडं असाल तर कन्नडचं पण हेच होणार. घरची भाषा येणारं कुणीतरी शाळेत असतंच, नसेल तर पोरं आहेत की.

नोंद ठेवायचं म्हणाल तर फार थाट नको. प्रत्येक पोराचा एक कागद, वर तारीख, खाली उताऱ्याचं नाव, आकडा, आणि "कशावरून" ला त्यानं दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत, एक ओळ. वर्षातून चारदा. मुख्याध्यापकांना किंवा पालकांना जुलैची आणि डिसेंबरची ओळ शेजारी शेजारी दाखवली की पुढं बोलावं लागत नाही. आईबाप टक्क्यांपेक्षा ती ओळच जास्त वेळ बघतात असा माझा अनुभव. फक्त एक करा, दोन्ही वेळचे उतारे साधारण सारख्या लांबीचे, सारखे अवघड ठेवा, नाहीतर पोरगं वाढलं का उतारा सोपा पडला कळत नाही.

आणि वर्णनात्मक नोंदी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आपल्याकडं आहे, सहावीला निम्मे गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गात बघून द्यायचे आहेत, म्हणजे हे सगळं करायला कागदोपत्री जागा आहे. पण आपण काय करतो, व्हॉट्सअपवर फिरणारी पीडीएफ उघडतो आणि "स्पष्ट व शुद्ध उच्चारात वाचन करतो" हे चाळीस जणांना चिकटवतो, मी पण केलंय, नाही म्हणत नाही. त्याऐवजी त्या कागदावरची ओळ उतरवली तरी नोंद होते, "सूचनेत वेळ दिलेली नाही हे स्वतःहून ओळखले". तपासायला येणारे वाचून थांबतात तरी.

पहिला उतारा मात्र शाळा सुरू झाल्याबरोबर, शिकवायला लागायच्या आधी घ्या. मी पहिल्या वर्षी "आधी थोडं शिकवू मग घेऊ" म्हणत ऑगस्ट संपवला, आणि डिसेंबरात हातात बेचाळीस चांगले कागद, शेजारी ठेवायला एकही नाही.