तबल्याचा क्लास कुठे शोधू, आणि ४६ व्या वर्षी जमेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही डिचोलीला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, दिवसभर टेबल, डबे, बाल्टी जे मिळेल ते बडवत असतो. गेल्या वर्षी एका तबल्याच्या क्लासला घातला, तर दोन महिन्यांत कंटाळला, म्हणतो सर नुसतं परीक्षेचं लिहून देतात. आता मिस्टर पण म्हणतायत मलाही शिकायचंय, ते ४६ चे आहेत, चवथीच्या आरतीत बसतात पण शिकलेले नाहीत. दोघांना चालेल असा क्लास कसा शोधायचा? तबला की आपलं मातीचं घुमट?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ताई, मिस्टरांना आधी सांगा की ४६ काही उशीर नाही, आरतीत बसतात म्हणजे लय अंगात आहेच, आता फक्त बोटांना वळण लावायचंय. आणि पोरगा कंटाळला तो वहीला, तो अजून डबे बडवतोय ना, मग काळजी नको.

तुम्हाला साखळीचं रवींद्र भवन जवळ, तिथे जाऊन चौकशी करा. पणजीत कांपालला कला अकादमीत तबला रीतसर शिकवतात, पण शाळा करून तेवढी ये-जा म्हणजे मूल अर्धं वाटेतच दमेल. मला विचाराल तर त्याआधी जवळच्या देवळातल्या भजनाला जाऊन बसा, साथ करणाऱ्याचा हात आवडला की भजन संपल्यावर त्यालाच गाठा आणि विचारा, तुम्ही कोणाकडे शिकलात? चांगले गुरुजी बहुतेक असेच सापडतात, त्यांचा बोर्ड कुठे लागलेला नसतो.

पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसून बघू द्या म्हणून सांगा. काय बघायचं तर नवीन मुलाचा पहिला ‘ना’, म्हणजे तबल्याचा एक बोल. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली हवी आणि तर्जनी चाटीवर (बाहेरच्या काठावर) आपटून लगेच उचलायला हवी, बोट तिथेच राहिलं तर आवाज मरतो. अशा वेळी गुरुजी उठून त्या मुलाचं बोट हातात धरून दाखवतात की लांबूनच ‘चुकलं’ म्हणतात, एवढ्यावरून सगळं कळतं. दुसरं म्हणजे धा धा तेटे धा धा तूना हे बोल आधी तोंडाने म्हणवून घेतात का, हातावर टाळी देऊन १६ मात्रा (ठोके) मोजायला लावतात का. आपल्या गोव्याचे तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी वेगवेगळे ताल धरायचे आणि तोंडाने आणखी निराळा, ते वेड मुलाला नक्की सांगा, डबे वाजवणाऱ्याला ते लगेच कळेल!

बापलेक एकाच क्लासला गेले तरी चालतील पण धडा वेगळा हवा. मिस्टरांना भजनी ठेका, दादरा असे ताल लवकर पाहिजे असतील, मुलाला पायापासून न्यायला हवं, सगळ्यांना एकच कायदा (ठरावीक बोलांची रचना) एकदम वाजवायला लावणारा क्लास मी तरी टाळीन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद परीक्षा चांगल्याच आहेत, पण पहिलं वर्षभर तो विषय काढू नका प्लीज.

आता घुमट. मिस्टरांनी घुमटच शिकावं असं मला मनापासून वाटतं, आरतीत बसतातच तर समेळ (काठीने वाजवायचा ढोल) आणि कांसाळ्याच्या (झांजेच्या) जोडीने ते कानावर आहेच, फक्त उजवा हात कातड्यावर पडताना डाव्याने मागचं उघडं तोंड कधी झाकायचं कधी सोडायचं हे एखाद्या जाणत्याकडून नीट समजून घ्यायचं. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य केलं, तेव्हा ते आपल्या घरात वाजायलाच हवं. घेताना मात्र बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या, पूर्वी घोरपडीचं लावायचे पण कायद्याने ते बंद आहे, कोणी ‘जुना खरा माल’ म्हणून दाखवला तरी नको.

तबल्याची जोडी पहिल्याच महिन्यात आणू नका. गुरुजींना सोबत घेऊनच आणा, मुलाच्या हाताला लहान तोंडाचा तबला बरा पडतो. आणि आपल्या पावसात पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो, तेव्हा वाजवून झालं की कपडा घालून कोरड्या जागी ठेवायचा, खिडकीजवळ नको.