मराठी माध्यमातून आलोय, बी.ए.ला इंग्रजीतल्या भारतीय कथा लागल्यात. कोणतं गाईड घेऊ?

गाईडचं नाव विचारलंत, म्हणून लिहायला बसलो.

आम्हाला आर. के. नारायण यांची 'अ हॉर्स अँड टू गोट्स' होती. सरांनी वर्गात नोट्स उतरवून दिल्या. त्यात होतं की अमेरिकन माणूस मुनी नावाच्या गरीब म्हाताऱ्याच्या शेळ्या विकत घेतो. मी उठून म्हटलं, "सर, तो शेळ्या नाही घेत, मातीचा घोडा घेतो. शेळ्या विकल्या असं फक्त मुनीला वाटतं." सर म्हणाले, "मराठी मीडियम ना? आधी इंग्रजी वाचायला शीक." वर्ग हसला. महिन्याभराने रद्दीच्या दुकानात एक गाईड चाळलं, तर तेच वाक्य, स्वल्पविरामासकट.

मला खात्री होती, कारण दिवाळीच्या सुट्टीत ती कथा मी आजीला मराठीत सांगितली होती. आमच्याकडेही शेळ्या असायच्या. मुनीकडे एकेकाळी चाळीस जनावरं, आता दोन. घरात दाणा नाही आणि म्हाताऱ्याला शेवग्याच्या शेंगा खायची हौस! शंभराची नोट घेऊन घरी आला, तर बायकोला वाटलं चोरी केली; तेवढ्यात शेळ्या दारात हजर. आजी म्हणाली, "घोडा गावचा हाय, त्यो कसा इकंल? त्याच्या मालकीच्या शेळ्याच की." इतकं नेमकं मला पुढे एम.ए.लाही कुणी सांगितलं नाही.

मुनीला इंग्रजीतलं 'येस' आणि 'नो' एवढंच येतं. बोलतो तमिळ, आणि ते आपण वाचतो इंग्रजीत. मग मराठी माध्यमाची लाज कसली? डिक्शनरी बाजूला ठेवून कथा एकदा सलग वाचा आणि घरात कुणाला तरी सांगा. सांगताना अडाल तिथेच डिक्शनरी उघडा. अनिता देसाईंच्या 'गेम्स ॲट ट्वायलाइट'मधला रवी लपून बसतो आणि बाकीची पोरं त्याला विसरूनच जातात. लपाछपी खेळलेल्याला हे समजायला गाईड लागतं?

आता खरं सांगतो, पेपरात 'संस्कृतींचा संघर्ष' वगैरे लिहावं लागतं. मी हट्टाने नाही लिहिलं, दहापैकी चार मिळाले. तेवढ्या शब्दांपुरतं कुठलंही गाईड घ्या.

आणि आमचे सर चुकून हे वाचत असतील तर: घोडा, सर. घोडा.