दरवर्षी डीएपी खत टाकतो, तरी माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) कमीच येतो. हा स्फुरद जातो कुठे?

कुठेही जात नाही. नत्रासारखा तो उडत नाही, पाण्याबरोबर फारसा खालीही उतरत नाही. तुमच्याच रानात पडून आहे, मुळांना मिळत नाही इतकंच. अहवालात दिसतो तो फक्त उपलब्ध स्फुरद, एकूण नव्हे. हे मी आमच्या अण्णांना (चुलते, निफाड तालुक्यात बांधाला बांध) इतक्यांदा सांगितलंय की आता घरात हा विषय काढायला बंदी आहे.

अण्णांचा हिशेब सरळ: कमी आला? मग गोणी वाढवा. एकदा वैतागून मी ड्रिप धुवायच्या ॲसिडचे थेंब त्यांच्या बागेतल्या ढेकळावर टाकले. सोड्यासारखी फसफसली माती. म्हटलं, हा बघा चुना. सामू (पीएच) आठच्या वर, त्यात एवढा चुना, मग डीएपीतला विरघळणारा स्फुरद चुन्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारच. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट, मग ऑक्टाकॅल्शियम, शेवटी ॲपेटाइट. म्हणजे ज्या खडकापासून कारखान्यात खत बनतं, त्याच जातीचं खनिज आपण पैसे मोजून परत रानात बनवतोय! अण्णा म्हणाले, "फसफसली म्हणजे माती जिवंत आहे." आता यावर काय बोलणार?

त्याच हंगामात त्यांच्या वेलींची कोवळी पानं बारीक राहिली, शिरांमधून पिवळी पडली. देठ परीक्षणात जस्त कमी. चुनखडीत जस्त आधीच अडलेलं असतं, वर स्फुरदाचा मारा. अण्णांच्या मते मात्र पाणी कमी पडलं.

तेव्हा डीएपी रानभर विस्कटून देऊ नका. शेणखतात मिसळून चरात, मुळांजवळ द्या, कारण स्फुरद जागचा हलत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही चालतील, पण शेणखत नसेल तर माझ्या मते बाटलीचे पैसे पाण्यात.

हां, हे सगळं काळ्या चुनखडीच्या रानाचं. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम पकडतात. तिथे भाताच्या खाचरात पाणी साचलं की लोहाकडचा थोडा सुटतोही. तपासणीची पद्धतसुद्धा वेगळी: आपल्याकडे ओल्सेन, आम्लधर्मी मातीला ब्रे. तुम्ही तालुका लिहिलेला नाही, तेव्हा अहवालावर पद्धत कोणती ते आधी बघा. अण्णांच्या अहवालावर ओल्सेनच होती. आधीच सांगून ठेवतो, कारण 'लॅब चुकली' हा त्यांचा पुढचा मुद्दा असतो.