"आई, तू चुकीचं वाचतेयस"

"मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेच्या लायब्ररीतून तिनं लाल टोपीवालीची दोन चित्रपुस्तकं आणली. एकात लांडगा आजीला कपाटात कोंडतो आणि शेवटी पळून जातो. दुसऱ्यात तो आजी-नात दोघींना सरळ गिळतो. खरी गोष्ट कुठली, असं ती रोज विचारते. दुसरी अडचण माझीच. आम्ही परदेशात राहतो, पुस्तकं इथल्या भाषेतली. मी मराठीत वाचून दाखवायला बसते आणि दर ओळीला अडखळते. परवा तिनं ओळीवर बोट ठेवलं, म्हणाली, 'आई, तू चुकीचं वाचतेयस.' मग पुस्तक मिटलं आणि झोपून गेली."

पहिला प्रश्न सुटला की दुसरी अडचण निम्मी होईल, म्हणून तो आधी घेऊ.

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ मध्ये ही गोष्ट छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. शिकारी नाही, सुटका नाही, खाली फक्त पद्यात तात्पर्य. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येतो, कात्रीनं लांडग्याचं पोट कापतो, दोघी जिवंत बाहेर पडतात आणि मग त्याच पोटात दगड भरतात. या भावांनी पुढे स्वतःच्याच छापलेल्या गोष्टी बदलल्या. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. (मुलीच्या मैत्रिणींपैकी कुणाच्या घरी सावत्र आई असेल, तर तुम्ही नुसतं 'राणी' म्हणा. गोष्टीचं काही अडत नाही.)

तेव्हा मुलीला सांगा, दोन्ही खऱ्या. ज्यानं सांगितली त्यानं आपल्या परीनं बदलली. आता आईही सांगणार आहे.

तुमची खरी चूक एवढीच, की तुम्ही वाचायला बसता. ओळीवर बोट ठेवून भाषांतर करायला गेलं की वाक्यं लंगडतात, आणि वाचता येणारं मूल तर परीक्षकच होऊन बसतं. आधीच जाहीर करा, "आज वाचत नाही, सांगतेय." पुस्तक तिच्या मांडीवर, पानं तिनं उलटायची, तुमची नजर चित्रावर.

चित्राकडे बघून सांगू लागलात की मराठी आपोआप सुटते. पांघरुणाखालून शेपटीचं टोक डोकावतंय? मग "शेपूट मात्र बाहेरच राहिली हं!" हे मूळ मजकुरात नसलं तरी चित्रात आहे. लांडगा दबकत दबकत येऊ दे, दार करकरू दे, आजीला त्यानं मटकावू दे. आणि तो प्रसिद्ध प्रश्न, "आजी गं आजी, तुझे कान एवढे मोठे कसे?" त्यातला 'गं' इथल्या भाषेतून आणायचा म्हटलं तरी मिळणार नाही.

एक गंमत सांगते. मराठीत सांगताना ठरवावंच लागतं, की मुलगी लांडग्याला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'. मी सांगते तेव्हा ती त्याला "लांडगेकाका" म्हणते. तिथं मुलं हमखास थबकतात, कारण अनोळखी माणसाला काका म्हणायला आपणच शिकवलेलं असतं. एक मुलगा ओरडला होता, "अगं, तो काका नाहीये!" त्यावर आमच्या दहा मिनिटं गप्पा झाल्या. पुस्तक मांडीवर तसंच उघडं.

पुस्तक निवडताना शब्द सोडा. लायब्ररीत उभ्या उभ्या नुसती पानं उलटा. चित्रांवरून गोष्ट कळली, शिवाय चित्रात मजकुराबाहेरचं काही सापडलं, तर ते घरी आणा. मजकूर म्हणतो 'मुलगी रानातून चालली' आणि चित्रात नुसती रानातून चाललेली मुलगी, असलं पुस्तक सांगणाऱ्याला काहीच देत नाही. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेची पेरोच्या गोष्टींसाठी १८६२ मध्ये काढलेली चित्रं इंटरनेटवर पाहा. आजीची टोपी घातलेला लांडगा आणि त्याच्या शेजारी पलंगावर ती पोर. तिला सगळं कळलंय की काहीच नाही, हे तिच्या डोळ्यांवरून शेवटपर्यंत ठरत नाही. सहा वर्षांच्या मुलीला इतक्यात दाखवू नका, पण स्वतः जरूर बघा.

भीतीचं म्हणाल, तर कपाटवालं पुस्तकच बरं असं मला वाटत नाही. गिळलेली आजी पोटातून धडधाकट बाहेर येते, यात मुलांना केवढा दिलासा असतो! फक्त त्या पानावर घाई करू नका, आणि दगड भरण्याचं काम तिच्याकडेच द्या. किती दगड, केवढे मोठे, तिनंच सांगायचं.

एकदा हे जमलं की भारतातल्या आजीला फोन लावा, पण व्हिडिओ बंद ठेवून. पुस्तक मुलीच्या हातात, आजीला चित्र दिसत नाही. आजीनं फक्त विचारत राहायचं, "मग? आता लांडगा कुठाय?" मराठी शब्द अडला तर मुलगी तुमच्याकडे बघेल. तो हळूच तिच्या कानात सांगा आणि बाजूला व्हा.