मामांचा गेम गियर विकायला काढण्यापूर्वी

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आखातातून कायमचे परतलेल्या मामांच्या ट्रंकेत तुम्हाला हातात धरून खेळायची दोन जुनी यंत्रे, निन्टेन्डोचा राखाडी गेम बॉय आणि सेगाचा काळा गेम गियर, मिळाली, शिवाय माळ्यावर टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटचा जुना ‘व्हिडिओ गेम’ही सापडला. गेम बॉय चालतो, पण त्याच्या पडद्यावरच्या काही उभ्या ओळी नाहीशा झाल्या आहेत. गेम गियर क्षणभर उजळून बंद पडतो. दोन्हींना आयपीएस पडदे (आजच्या पद्धतीचे, स्वतःचा प्रकाश असलेले नवे पडदे) आणि रंगीत कवचे बसवायची, तिसऱ्याच्या कवचाला आलेला पिवळेपणा घालवायचा आणि तिन्ही विकून पुढच्या खरेदीसाठी भांडवल उभे करायचे, असा तुमचा बेत आहे, आणि सुरुवात कोणत्या बदलापासून करावी हे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे, की सध्या कोणताही बदल करू नये. दुरुस्ती आणि बदल ही दोन वेगळी कामे आहेत. नवशिके लोक ती एकाच बैठकीत उरकू पाहतात आणि नंतर यंत्र चालले नाही की दोष जुना होता की आपण निर्माण केला, हे त्यांना कळेनासे होते. आधी यंत्र मूळ भागांसह चालते करावे, ते आठ-दहा दिवस वापरून पाहावे आणि मगच बदलाचा विचार करावा. बदलही असा असावा, की उद्या कोणाला यंत्र पूर्ववत करायचे झाल्यास ते एका संध्याकाळी करता यावे. हा नियम मी 12 वर्षे पाळत आलो आहे. त्याआधी एकदा तो पाळला नव्हता, त्याविषयी पुढे सांगतो.

गेम गियरपासून सुरुवात करतो, कारण तिघांत तोच सर्वाधिक संकटात आहे. हे यंत्र ऑक्टोबर 1990मध्ये जपानमध्ये आले. मागून प्रकाशित होणारा रंगीत पडदा हे त्याचे वैभव होते आणि त्यासाठी त्याला सहा पेन्सिल सेल लागत. तेही तीन ते पाच तासांत संपत. मात्र आज त्याला मारणारी गोष्ट सेल नव्हे, तर आतल्या सर्किट बोर्डावर बसवलेले छोटे गोल, ॲल्युमिनियमच्या डबीसारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे भाग, आहेत. त्या काळातल्या या प्रकारच्या कपॅसिटरमधले द्रव कालांतराने तळाच्या रबरी बुचातून झिरपते, बोर्डावर पसरते आणि तांब्याच्या रेषा खाऊ लागते. आजवर माझ्याकडे 25च्या आसपास गेम गियर आले असतील. मूळ कपॅसिटर पूर्णपणे शाबूत असलेला त्यांत एकही नव्हता. तुमच्या यंत्राचे लक्षण, म्हणजे उजळून लगेच बंद होणे, हे बहुधा वीजपुरवठ्याच्या लहान बोर्डाकडे बोट दाखवते. आवाज अगदी क्षीण असेल तर ध्वनीचा बोर्ड आणि चित्र केवळ तिरके धरल्यावरच दिसत असेल तर मुख्य बोर्ड, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. तरीही उघडलेच आहे तर तिन्ही बोर्डांवरचे सगळे कपॅसिटर एकदम बदलावेत. एका बोर्डापुरते काम करून कवच लावले की सहा महिन्यांनी तेच स्क्रू पुन्हा काढावे लागतात.

जुना कपॅसिटर पकडीत धरून पिळून उपटण्याची पद्धत काही जण दाखवतात, पण मी ती कोणालाही सुचवणार नाही. झिरपलेल्या द्रवाने खालचे तांब्याचे ठिपके आधीच सैल झालेले असतात, आणि पिळताना ते बोर्डासकट उचकटतात. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावे म्हणून लावायचा लेप) आणि थोडे ताजे सोल्डर (डाग द्यायचा मिश्रधातू) लावून दोन्ही पाय एकाच वेळी तापवावेत, म्हणजे कपॅसिटर आपोआप सुटतो. या वेळी मासळीसारखा वास आला तर घाबरू नका. तो द्रव गळल्याचा पुरावा आहे. खिडकी मात्र उघडी ठेवा. नंतर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या मऊ ब्रशने स्वच्छ करून मल्टीमीटरने (वीज मोजण्याच्या उपकरणाने) प्रत्येक रेष अखंड आहे का, हे तपासावे. नवे कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिकऐवजी टँटलम घेणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, तर टँटलमवरची पट्टी धन टोक दाखवते. एवढ्या एका गैरसमजापायी नीट होऊ शकणारी अनेक यंत्रे जळाली आहेत. शिवाय पडद्यामागे फ्लुरोसंट नळी आहे. ती पेटवणाऱ्या भागात वीज उच्च दाबाची असते, म्हणून सेल आत असताना तिथे बोट किंवा चिमटा नेऊ नये. नळीत थोडा पारा असतो, तेव्हा ती फुटणार नाही याचीही काळजी घ्यावी.

गेम बॉयची गोष्ट तुलनेने सोपी आहे. नाहीशा झालेल्या उभ्या ओळी हा त्याचा सर्वांत परिचित आजार. पडद्याची काच आणि तिच्या खालच्या कडेची लवचिक पट्टी यांचा सांधा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हाताळणीने सुटत जातो. त्या सांध्यावरून मंद तापलेले सोल्डरिंगचे टोक, मध्ये कागदाचा किंवा उष्णता सहन करणाऱ्या टेपचा थर ठेवून, हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे फिरवले की ओळी एकेक करून परत येतात. यंत्र चालू ठेवूनच हे काम करतात, म्हणजे परिणाम लगेच दिसतो. दाब मात्र नको, कारण काच तडकली तर मूळ पडदा गेलाच. आडव्या ओळी गेल्या असत्या तर मी एवढ्या विश्वासाने सांगितले नसते, कारण तो सांधा बाजूला आणि अधिक अडचणीच्या जागी आहे. सेलच्या खोबणीत पांढरा-हिरवा थर असेल तर तो सेलमधल्या अल्कधर्मी द्रवाचा असतो. कापसाच्या काडीने थोडे पांढरे व्हिनेगर लावून तो विरघळवावा आणि नंतर अल्कोहोलने जागा कोरडी करावी.

आता आयपीएस पडद्याविषयी. त्याला माझा तात्त्विक विरोध नाही. संध्याकाळच्या प्रकाशात मूळ पडद्यावर काहीच दिसत नाही, हे खरेच आहे. पण मूळ पडदा तसा का होता, हे समजून घेतले तर निर्णय अधिक डोळसपणे घेता येतो. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेइ योकोई यांच्या विभागाने 1989मध्ये हे यंत्र बाजारात आणले तेव्हा रंग आणि प्रकाश जाणीवपूर्वक टाळले होते, आणि म्हणूनच चार पेन्सिल सेलवर ते सुमारे 15 तास चालत असे. तो पडदा संथ होता, चित्र मागे थोडे रेंगाळत असे, आणि काही गेम बनवणाऱ्यांनी याच उणिवेचा उपयोग करून घेतला : एखादी आकृती एका चौकटीत दाखवायची, पुढच्या चौकटीत लपवायची, म्हणजे संथ पडद्यावर ती अर्धपारदर्शक भासे. नव्या झटपट पडद्यावर तीच आकृती फडफडताना दिसते. मला स्वतःला त्या हिरवट पडद्यावर दुपारच्या उन्हात, गॅलरीत बसून खेळायला आजही मनापासून आवडते, आणि एकदा तरी तुम्ही तसे खेळून पाहावे अशी माझी विनंती आहे.

तरीही नवा पडदा बसवायचा ठरल्यास मूळ कवच कापू नका. बाजारात मिळणाऱ्या अनेक संचांत पडदा किंचित मोठा असतो आणि आतल्या प्लास्टिकच्या कडा छाटाव्या लागतात. त्यासाठी स्वतंत्र नवे कवच घ्यावे आणि मूळ कवच, काच, पडदा व बटणे पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवावीत. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून 11 कोटी 80 लाखांहून अधिक नग विकले गेले, त्यामुळे साधा राखाडी गेम बॉय दुर्मिळ नाही आणि तो बदलल्याने इतिहासाची हानी होते असे मी म्हणणार नाही. 1995च्या रंगीत मालिकेतला एखादा नग सुस्थितीत हाती आला, तर मात्र त्याच्या कवचाला हातही लावू नये.

मी ज्या चुकीचा उल्लेख केला ती हीच होती. 2011 साली माझ्या धाकट्या काकांनी मला त्यांचा गेम बॉय दिला. मी त्याचे कवच पॉलिश पेपरने घासून निळा स्प्रे मारला. दोन महिन्यांत रंग कोपऱ्यांवरून उडाला, मागचा अनुक्रमांक घासला जाऊन कायमचा पुसला गेला, आणि काकांनी लहानपणी कर्कटकाने कोरलेली त्यांची आद्याक्षरेही गेली. काका काही बोलले नाहीत. ते यंत्र आजही माझ्याकडे आहे, आणि मी ते विकलेले नाही.

टीव्हीच्या खेळाबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेली ही यंत्रे बहुतांशी जुलै 1983मध्ये जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या, नकला होत्या, आणि उत्तरकाळातल्या नगांत तर सगळे मंडल काळ्या थेंबाखाली झाकलेल्या एकाच चिपमध्ये असते. ती गेली की दुरुस्ती नाही. त्याला ‘निन्टेन्डो’ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक ठरेल. पिवळेपणा घालवण्यासाठी ब्यूटी पार्लरच्या दुकानांत मिळणारे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावून उन्हात ठेवण्याची युक्ती चालते, पण क्रीम असमान लागले तर पांढरे पट्टे उमटतात आणि पिवळेपणा काही वर्षांत परतूही शकतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते काम करावे. अ‍ॅडाप्टरची टोके मात्र मल्टीमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका : मूळ फॅमिकॉमला डीसी लागतो आणि त्याच्या पिनचे मधले टोक ऋण असते, तर त्याच कंपनीच्या अमेरिकी यंत्राचा अ‍ॅडाप्टर 9 व्होल्ट एसी देतो. पिन बसते म्हणून अ‍ॅडाप्टर चालतो असे समजणे महागात पडते.

विक्रीचा प्रश्न उरला. जाहिरातीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात : काय मूळ आहे, काय दुरुस्त केले आहे आणि काय बदलले आहे, बोर्डाचे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्रही द्यावे. मला एकदा ‘पूर्ण मूळ’ म्हणून विकलेल्या गेम बॉयचे कवच नक्कल निघाले. मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांकच त्यावर नव्हता. पैशांपेक्षा त्या एका शब्दाचे दुःख मला अधिक झाले, कारण संग्राहक एकमेकांच्या शब्दावरच दूरदूरची खरेदी करतात. बदललेल्या यंत्रासोबत काढलेले मूळ भाग खरेदीदाराला द्यावेत. मेमरी कार्डावर शेकडो गेम भरून यंत्र विकण्याची पद्धत बोकाळली आहे. ते गेम आपल्या मालकीचे नसतात, तेव्हा तसे करू नये. किंमत ठरवताना मी भागांचा खर्च आणि कामाचे तास यांची बेरीज मांडतो आणि विकण्यापूर्वी यंत्र सलग चार तास चालवून पाहतो. पार्सल करताना सेल काढावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत पाठवायचे असल्यास, सिलिका जेलच्या पुड्या घालून पिशवी हवाबंद करावी.

सुट्या भागांसाठी पुण्यात पासोड्या विठोबाजवळची आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरची दुकाने मला आजवर पुरली आहेत; पडद्यांचे संच तेवढे बाहेरून मागवावे लागतात. गेम गियर उघडल्यावर मुख्य बोर्डावर ‘व्हीए’ या अक्षरांपुढे एक आकडा छापलेला दिसेल. आवृत्तीनुसार कपॅसिटरची मूल्ये बदलतात, म्हणून तो आकडा आणि तिन्ही बोर्डांची स्पष्ट छायाचित्रे पाठवा. कोणते कपॅसिटर किती घ्यायचे, याची यादी मी तुम्हाला करून देतो.